बेककाकू आणि काकांचा रुमाल

बेककाकूंनी उभ्या आयुष्यात कोणाला "वाढू का?" असं विचारलं नसावं. त्या थेट वाढत आणि मग कमरेवर हात ठेवून तुमचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत समोर उभ्या राहत. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, आम्ही खालच्या. मी लग्न होऊन आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि भाजलेली भरली ढोबळी मिरची हातावर ठेवली. मी नवखी, संकोचून म्हटलं, नंतर खाते. "आधी खा, मग नावं ठेव," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मुकाट्याने खाल्लं. नावं ठेवायला भरपूर जागा होती, पण माझा धीर झाला नाही.

त्यांचं नाव मालती, पण ते फक्त रेशनकार्डावर. काचेच्या झाकणाचा, ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घरात आला आणि त्या सगळ्यांच्या बेककाकू झाल्या. बाकीच्यांच्या घरी असे ओव्हन मुलांच्या वाढदिवसाला केकपुरते माळ्यावरून खाली येत. काकूंचा रोज तापायचा. दुधी, फ्लॉवर, एकदा तर पडवळसुद्धा त्यातून पांढरा सॉस आणि चीज पांघरून बाहेर आलं. काका प्रेसमध्ये नोकरीला, अबोल आणि सज्जन, मनातून पिठलं-भाकरीचे भक्त. पानात काहीही पडलं तरी ते "छान आहे" म्हणत. पडवळालाही म्हणाले. काकूंचं खरं दुःख ते होतं. "ह्यांच्या छानवर माझा काडीचा विश्वास नाही," त्या मला म्हणायच्या, "एकदा तरी मनापासून म्हणायला लावीन."

काकूंच्या मामेभावाची गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षबाग होती. मुंबईच्या हॉटेलांसाठी म्हणून त्याने बांधाजवळच्या दोन वाफ्यांत ॲस्परॅगस ही परदेशी भाजी लावून पाहिली होती. त्याची एक मोठी जुडी काकूंकडे आली आणि त्यांच्या अंगात संचारलं. रविवारी आम्हा चार कुटुंबांना जेवायला बोलावणं गेलं. त्या हिरव्या कांड्या त्यांनी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत अख्ख्या मांडल्या, वर सॉस, किसलेलं चीज, ब्रेडचा चुरा आणि मिरपूड घालून भाजल्या. रंग इतका सुरेख आला होता की सगळी पंगत माना पुढे काढून बघू लागली.

मग आम्ही खायला लागलो. शेंडा विरघळला, पण खालचं दातांना दाद देईना. आणि आम्ही कोणीही कोणाकडे न बघता तेच केलं, जे आपण शेवग्याच्या शेंगेचं करतो. चावलं, चोखलं आणि चोथा ताटाच्या कडेला काढून ठेवला. समोरच्या वहिनींनी तर मनापासून सांगितलं, की चव बरी आहे पण शेवग्यापेक्षा गर कमी निघतो. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना प्रत्येक ताटात चोथ्याचा ढीग दिसत होता. फक्त काकांचं ताट लख्ख होतं. काकू आत जाऊन ताकाचं भांडं घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक पातेलं परत द्यायला वर गेले, तर काकू मोरीजवळ पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात धुण्याचा ढीग आणि हातात काकांचा पांढरा रुमाल. त्यांनी तो माझ्यासमोर उलगडला. आत वाळलेला चोथा होता.

"तुम्ही सगळ्यांनी ताटात काढलात," त्या म्हणाल्या. "ह्यांनी खिशात नेला."

डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. मला वाटलं आता ओव्हन माळ्यावर जाणार. काकूंनी रुमाल साबणाच्या पाण्यात दाबला आणि म्हणाल्या, "हाच पदार्थ, हीच माणसं. हा रुमाल कोरा राहील असा करून दाखवते."

त्याच आठवड्यात बस पकडून त्या गिरणाऱ्याला गेल्या, मलाही ओढून नेलं. भावाला प्रश्न विचारून भागेना, तेव्हा वाफ्यात काढणी करणाऱ्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. बाईंनी एक कांडी दोन्ही हातांत धरून वाकवली. ती मध्येच कट्कन मोडली. "जिथं आपसूक मोडंल तिथवरच खायाचं," बाई म्हणाल्या. "खालचं लय निबर. ते आम्ही गुरांपुढं टाकतो." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे परवा मी तुम्हाला गुरांचं वाढलं." मग कितीतरी वेळ त्या कांड्या मोडत बसल्या, हाताला सवय होईपर्यंत.

ती हंगामातली शेवटची काढणी होती आणि माल मुंबईला जायचा होता, म्हणून एक वर्ष थांबावं लागलं. त्या थांबल्या. पुढच्या थंडीत पुन्हा रविवार, पुन्हा तीच चार कुटुंबं. सगळी रचना होऊन भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि वीज गेली. आम्ही म्हटलं, राहू दे, पोळी-भाजी खाऊ. काकूंनी मिनिटभर विझलेल्या दिव्याकडे रोखून पाहिलं, भांडं पंच्यात गुंडाळलं आणि हाक मारली, "अहो, स्कूटर काढा." धाकटी बहीण एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची. जिथे वीज तयार होते तिथली कशाला जाईल, हा त्यांचा हिशोब. मला पाहुण्यांपुढे पापड घेऊन बसवून दोघं गेली. सव्वा तासाने परतली तेव्हा काकूंच्या मांडीवर गरम भांडं होतं, दोन्ही हात त्याला, काकांना धरायला एकही शिल्लक नाही.

या वेळी ताटाच्या कडा स्वच्छ राहिल्या. वहिनींनी दोनदा घेतलं. काकू मात्र काकांच्या समोरून हलल्या नव्हत्या. त्यांचं ताट रिकामं झालं तशा त्या म्हणाल्या, "रुमाल काढा."

पंगतीला काही कळेना. काका कानापर्यंत लाल झाले. त्यांना आजवर वाटत होतं, आपलं गुपित धुण्यात वाहून गेलं. त्यांनी रुमाल काढून दिला. काकूंनी घडी उलगडली, झटकली. कोरा होता. काका या वेळी छान म्हणाले नाहीत. म्हणाले, "अजून थोडं वाढ." काकू झटकन वळून स्वयंपाकघरात गेल्या. त्या पदराने डोळे पुसत होत्या, हे मी पाहिलं.

पुढे काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. शेवटी शेवटी घास उतरत नव्हता, तरी दवाखान्यात मला शिकवणं चालूच होतं. सुरीने कापायचं नाही, वाकवून मोडायचं. सॉसमध्ये गुठळी राहू द्यायची नाही. "ओव्हन तू घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना जेवायला बोलावशील तेव्हा छान ऐकून फसू नकोस. रुमाल बघ."

त्या गेल्यावर मला तो ओव्हन लावायचा धीर वर्षभर झाला नाही. मग एका रविवारी कांड्या वाकवून मोडल्या आणि लावला. काका आले, पाटावर बसले, सावकाश जेवले. मी समोर उभी होते. माझे हात कमरेवर आहेत हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. त्यांनी न सांगताच खिशातून रुमाल काढला, घडी मोडून ताटाशेजारी पसरला आणि म्हणाले, "बघून घे."

रुमाल कोरा होता. मी न विचारता अजून एक तुकडा वाढला.