गवत्याचं मनगट

"अहो, ते उलथनं सोडा आधी! भाजी करपतेय."

"थांब गं जरा. मनगट आत्ता कुठं सरळ राहायला लागलंय."

"तीस वर्षं वाकडं होतं, तरी संसार झालाच ना? द्या इकडं!"

डाव्या मनगटाला सुतळीनं बांधलेलं उलथनं त्यानं निमूट सोडून दिलं. गोल्फच्या मैदानावर गवत राखता राखता त्याचं नावच गवत्या पडलं होतं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यातच नवख्यांना शिकवणारे मास्तर काम सोडून गेले, आणि क्लबाच्या साहेबांनी जाहीर केलं, "इच्छुक तिघांना तीन-तीन चेंडू. ज्याचा तळ्यापलीकडं जाईल, तो नवा मास्तर." सावलीत उभं राहून दुसऱ्याच्या चुका काढायच्या! असलं काम गवत्याला फुकटसुद्धा चाललं असतं.

खोट एकच होती. चेंडूला काठी लागते तेव्हा डावं मनगट सरळ हवं. गवत्याचं नेमकं तेव्हाच वर वळायचं. फावड्यानं माती टाकताना शेवटी हिसका देतात ना, तसं. चेंडू बिचारा बेडकासारखा टुणकन उडायचा आणि पुढ्यातच बसायचा. "माझ्या हाताला जगात फावडं सोडून काही आहे हेच ठाऊक नाही," असं तो स्वतःच सांगत फिरायचा. म्हणून हा उलथन्याचा उपाय. दहा दिवस घरामागं बादलीच्या दिशेनं त्यानं चेंडू मारले. बादली शाबूत राहिली, पण चेंडू सरळ जायला लागले.

परीक्षेच्या सकाळी ट्रॅक्टरवाल्याचे तिन्ही चेंडू बुडाले. क्लबाच्या दुकानातल्या कारकुनाचा तिसरा कसाबसा पलीकडं पडला. गवत्याची बायको क्लबातले टॉवेल धुवायची. ती पिळायचं सोडून मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी येऊन उभी राहिली.

गवत्याचा पहिला पाण्यात. दुसरा मात्र असा सणसणीत गेला, की साहेबांच्या तोंडून "वा!" निघालं. पलीकडच्या काठावर टेकला, जरा रेंगाळला आणि घरंगळत पाण्यात गेला.

तिसऱ्याला गवत्यानं मनगटाला बजावलं, "आज इज्जत ठेव रे बाबा." काठी खाली आली आणि मनगटानं ऐन वेळी जुना हिसका दिला. ताटाएवढं ढेकूळ उडालं, हवेत फिरलं आणि थेट तळ्यापलीकडं जाऊन पडलं. चेंडू मात्र होता तिथून दोनच पावलं पुढं सरकला.

मग गवत्याच पोट धरून हसायला लागला.

"माती गेली की हो पलीकडं!" बायको ओरडली. "आता मातीलाच शिकवा!"

साहेबांनी हसता हसता डोळे पुसले, नवा मास्तर म्हणून कारकुनाचा हात हातात घेतला आणि ढेकूळ उडून पडलेल्या खड्ड्याकडं बघितलं. "गवत्याभाऊ, हा खड्डा..."

"बघतो साहेब. आपलंच खातं आहे."

तो वाळूची पाटी आणि बियाणं घेऊन आला. गुडघे कटकट वाजले. जमिनीवर टेकला, खड्ड्यात वाळू भरली, बी पेरलं, तळव्यानं दाबलं आणि पाण्याचा पाइप ओढायला उठला.