यादवरावांचे दंड

कोनगावचे यादव भालेराव तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होते. चावी फिरवली की अर्ध्या वस्तीला पाणी, अशी मनगटं. निवृत्तीनंतर सात वर्षं मात्र त्यांनी टीव्हीच्या रिमोटखेरीज काही उचललं नाही. मग एका सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. बायकोने, पुतळाबाईंनी, पदराने धरून ते एका पिळात उघडलं आणि वर विचारलं, "आजून काय उघडायचं हाय?"

हे लागलं. त्याच संध्याकाळी यादवराव मानकोली नाक्याजवळच्या जिममध्ये गेले. जिमवाल्या दिनेशने त्यांचा दंड चिमटीत धरला, हळहळला आणि सिंहाचं चित्र असलेला पावडरचा डबा पुढे केला. "काका, दोन महिने. मग बघा."

यादवराव दिवसातून तीनदा पेला भरून पावडर प्यायचे आणि सोफ्यावर बसून दंडाकडे पाहत राहायचे.

"व्यायाम न्हाय करायचा?" पुतळाबाईंनी विचारलं.

"पावडर करते ना."

दोन महिन्यांत वाढलं ते पोट. विहारात वंदना झाल्यावर त्यांना चटईवरून उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं.

शेजारची धम्मदिना डॉक्टर. तिने रक्त तपासलं. "पावडर बंद. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, रोज. जेवणात अंडं, डाळ, मटकी."

"एवढं शिकून हेच सांगतेस, पोरी?"

"आधी करून दाखवा, काका."

चारदा जमलं. पाचव्यांदा ते धपकन बसले. मांड्या लटपटत होत्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उठले. तीन महिन्यांत वीसवर गेले आणि तेवढ्यावर विद्वान झाले. भेटेल त्याला मांडी दाबून बघायला लावायचे.

पुढे त्यांनी विहाराच्या अंगणात 'ज्येष्ठ बलसंवर्धन मंडळ' काढलं. पहिला रविवार अध्यक्ष निवडण्यात गेला, दुसरा बॅनरवर फोटो कुणाचा मोठा यात, तिसरा चहा-भज्यांत. चौथ्या रविवारी यादवराव ओरडले, "चला, खुर्चीवरून उठा!"

अकरा जण उठले. अध्यक्ष दामू मोरे दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेलेच.

"दामूभाऊ, उठा ना."

"मी उठलो न् दुसरा बसला म्हंजे?"

बरीच समजूत काढली. शेवटी ठराव करून त्यांना तहहयात अध्यक्ष केलं. मग ते उठले. त्या दिवशी सहा वेळा.