जेवली काय व, सुनंदा?

पातूरच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते, तेव्हा मंदाताईंच्या नंबरावरून फोन आला. चिखलाचे हात पदराला पुसले अन् हॅलो न म्हणताच ओरडले, "जेवली ताई, जेवली! वांग्याची भाजी अन् भाकर!" कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवली काय व, सुनंदा?" पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, "मी त्यांचा भाऊ बोलतो, अमरावतीहून..." झोपेतच गेल्या म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांसाठी एसटीचे धक्के खाल्ले अन् स्वतः जाताना कोणाला घोटभर पाणीही मागितलं नाही. महिना होऊन गेला, अजून मला त्यांचा रागच येतो.

बालगृहातलं लेकरू एखाद्या घरी सांभाळायला द्यायचं, फॉस्टर केअर म्हणतात त्याला, ते काम ताई करायच्या. पण लेकरू सोपवलं अन् हात झटकले, असलं त्यांना जमायचं नाही. आमच्याकडे रोशनी आली तेव्हा सात वर्षांची होती. आई वारलेली, मागे सांभाळणारं कोणी नाही. मला मूलबाळ नाही, म्हणून मी नुसती हपापलेली. ताईंनी पहिल्याच दिवशी मला दटावलं, "तिच्याकून आई म्हनवून घेऊ नोको. तिले आई होती. तू आधी काकू हो, मंग पाहू." गाव मात्र म्हणत होतं, दुसऱ्याचं लेकरू टिकते थोडंच!

अन् खरंच, थोड्याच दिवसांत सासूबाईंना तिच्या गादीखाली भाकरीचे तुकडे सापडले. वाळलेले, मुंग्या लागलेले. झालं! आमच्या घरून आलागेला कधी उपाशी जात नाही, अन् घरातलीच पोर चोरून ठेवते? "चोरटी हाये, वापस पाठव तिले," सासूबाई कडाडल्या. रोशनी दाराआडून सगळं ऐकत होती. रडली नाही. गुपचूप आपली पिशवी भरायला लागली... ते पाहून माझं काळीज फाटलं. ताईंना फोन लावला, "ताई, पोर चालली हातातून!"

"पोरीचं मंग सांग. तू जेवली काय?"

"इथं घराले आग लागली अन् तुमाले जेवन सुचते?"

"उपाशी बाईनं घर सांभाळल्या जात नाई. दोन घास खा. मी सकाळच्या गाडीनं निघते."

दुसऱ्या दिवशी आल्या. कोणाला रागावल्या नाहीत. माझ्याकडून झाकणाचा एक स्टीलचा डबा मागून घेतला अन् रोशनीच्या मांडीवर ठेवला. "हा तुहा. यातली भाकर तुही. कोनाले विचारा लागत नाई." मग सासूबाईंकडे वळल्या, "आजी, हा डबा रिकामा होऊ द्यायचा नाई. रोज ताजी भाकर तुमीच ठेवायची, अन् तिले एक शब्द विचारायचा नाई."

"म्हंजे चोरी कराले मीच मदत करू?"

"हो आजी, तुमीच! उपाशी झोपलेलं लेकरू हाये ते. उद्याची भाकर दिसल्याबिगर त्याले झोप येत नाई."

मग सासूबाई अशा इरेला पेटल्या की विचारू नका. रोज ज्वारीची ताजी भाकर, कधी वर गुळाचा खडा, कधी शेंगदाण्याचा लाडू. रोशनी शाळेतून आली की आधी डबा उघडून पाहायची, मगच चपला काढायची. असे कितीतरी महिने गेले. हळूहळू डब्यातली भाकर तशीच उरायला लागली. एक दिवस सासूबाई डबा घेऊन धावतच आल्या. आत रंगीत पेन्सिली होत्या, चिंचोके होते. भाकरीला जागाच नव्हती. "पोरीले आता माही भाकर नोको झाली व!" म्हणाल्या अन् पदर डोळ्याला लावला. मी ताईंना सांगितलं तर त्या फोनवर केवढ्यानं हसल्या! "जिंकलो व आपन! आजीले म्हन, पेढे वाटा!" वाटले ना, सगळ्या गावात वाटले. कशाचे म्हणून विचारलं की सासूबाई ऐटीत सांगायच्या, "माही नात आता निवांत झोपते."

रोशनी आता अकोल्याला कॉलेजात शिकते, सुटीला घरी येते. मला काकूच म्हणते. भांडताना तेवढं तोंडून 'आई' निघून जातं, म्हणून मी मुद्दाम भांडण उकरून काढते.

परवाच्या रविवारी अकोटहून एका बाईचा फोन आला. जायच्या आधी ताईंनी तिच्या घरी एक लहानगी पोर दिली होती, अन् अडीनडीला म्हणून माझा नंबर. फोन रोशनीनं उचलला. बाई इतकी हमसून रडत होती की मला चुलीपाशी ऐकू आलं. "पोरगी भाकरी लपवून राहिली, घरचे म्हनतात वापस द्या, ताई बी गेल्या... आता मी कोनाले विचारू?" मी धावत आले, पण रोशनीनं हातानं मला थांबवलं.

"काकू, पोरीचं मंग सांगा," ती फोनवर म्हणाली. "आधी तुमी जेवल्या काय?"

इतके दिवस अडलेलं रडू तेव्हा आलं, पण काय सांगू, त्यात दुःख कमी अन् अभिमानच जास्त होता.

सकाळी रोशनीनं पेन्सिली खाटेवर ओतल्या अन् डबा लख्ख घासला. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, तरी त्यांनी हट्टानं भाकरी थापल्या. "झाकन लगेच लावू नोको, भाकरीले घाम येते," त्यांनी बजावलं. भाकरी निवल्यावर रोशनीनं झाकण दाबून लावलं, डबा पिशवीत घातला अन् अकोटला जायला निघाली.

मी अंगणातून ओरडले, "अवं, तू जेवली काय?"

"जेवली आई, जेवली!" ती वळूनही न पाहता म्हणाली.

त्या दिवशी आमचं भांडण झालेलं नव्हतं.