मोंजियाचं गोठवलेलं सरबत

नाबुल शहरातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे काही चांगलं घडलं की सरबतासाठी लिंबं मोंजियाच्या दारात जातात. अख्खी लिंबं सालीसकट चिरायची, साखरेत कुस्करून पाण्यात मुरवायची, गाळून त्यात संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडायचं आणि पसरट ट्रेमध्ये गोठवत दर अर्ध्या तासानं काट्यानं खरवडायचं. एवढंच. पण गाळायचं कधी, यातच सगळी मेख. साल जास्त मुरली की सरबत कडूजहर. मोंजिया घड्याळ बघत नसे, बोट बुडवून चाखायची.

हिवाळ्यातल्या तापानंतर तिच्या तोंडाची चवच गेली. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. नवरा गेलेला, मुलं परदेशात. या सरबतापायी तरी लोक तिचं दार वाजवत होते. तेही थांबलं तर? ती गुपचूप गजर लावू लागली.

जूनमध्ये शेजारच्या सल्लूहाच्या नातीचा, येमनाचा, शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल होता. सल्लूहानं लिंबं आदल्या दिवशीच पाठवली होती, इतका तिचा पोरीवर भरवसा. मोंजियानं सकाळी ती मुरत टाकली आणि गजर लावायच्या आतच पलीकडून बायकांच्या किलकाऱ्या ऐकू आल्या. पोरगी पास! मोंजिया तशीच धावली. येमनाचे मुके घेण्यात दोन तास गेले. परत येऊन तिनं सवयीनं बोट बुडवलं, पण जिभेला काही कळेना. शेवटी अल्लाचं नाव घेऊन तिनं ते गाळलं.

संध्याकाळी सल्लूहाचं अंगण भरलं. पहिला घोट सल्लूहाचा. ही बाई भल्याभल्यांची तोंडावर बिनपाण्यानं करणारी. घोट गिळून ती सगळ्यांकडे वळली.

"ऐका गं बायांनो! आज कडू लागलं तर मोंजियाला बोल लावू नका. ती जाते जाते म्हणत होती, मीच तिला सोडलं नाही. चूक माझी."

सल्लूहाची चूक! गल्लीत हे पहिल्यांदाच ऐकू आलं. बायका पोट धरधरून हसल्या आणि वरून मध ओतून प्यायल्या. मोंजिया मात्र स्वयंपाकघरात पळाली. सल्लूहा मागोमाग आली आणि तिनं दार लोटलं.

"कधीपासून चव नाही तुला?"

"मला? छे गं!"

"मला शिकवतेस? चव असती तर हे तू मोरीत ओतलं असतंस."

मोंजियानं मान खाली घातली. "तापापासून."

"आणि मला बोलली नाहीस? गाढव कुठली!"

"बोलले असते तर लिंबं दुसरीकडे गेली असती."

सल्लूहा धपकन स्टुलावर बसली. "बरं. उद्या पुन्हा कर. मी तुझ्याकडे येऊन बसेन. चाखायचं काम माझं."

"लोक विचारतील ना."

"सांग की, सल्लूहा म्हातारी झाली, फुकटचं प्यायला येऊन बसते."

मोंजिया हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.