लाळेची दोरी

सुटका करून आणलेल्या माकडांच्या त्या केंद्रात मावशींचं काम एकच: लाळ गोळा करायची. सुती जाड दोरीला केळ्याचा गर चोळायचा, दोरी जाळीतून आत सोडायची, माकडानं मनसोक्त चघळली की ओढून घ्यायची आणि पिळून लाळ नळीत भरायची. त्यावरून तब्येत कळते. सुई नको, धरपकड नको. माणसांचे हात त्या जिवांनी आधीच पुरेसे सोसले होते.

नवरा गेला आणि पंधराव्या दिवशी मावशी कामावर हजर झाल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "ठीक आहे." रडू येत नव्हतं. ते का येत नाही, हेही त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या माकडिणीनं खाणं सोडलं, दोरीलाही तोंड लावेना. तिच्या पिंजऱ्यातली सोबतीण नुकतीच मेली होती.

"दुःखानं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण लाळेशिवाय खात्री कशी करू? उगाच भूल द्यायला मन धजत नाही. काळीज कमजोर आहे तिचं."

मावशींनी पिंजऱ्यासमोर स्टूल ओढलं. दोन कोऱ्या दोऱ्या घेतल्या. एक आत सोडली, दुसरी स्वतः चघळत बसल्या.

झाडूवाला हसला. "मावशी, तुमचीपण तपासायची का?"

"तपासा की. काय निघतंय ते मलापण कळेल."

त्याचं हसू जागीच विरलं.

तीन दिवस माकडीण नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी पुढे सरकली, दोरी उचलली आणि एकाच बाजूनं हळूहळू चघळली. नळीतली लाळ तांबूस होती. तपासणीत पू निघाला. दुःख असेलही, पण दाढ नक्कीच सडली होती. आता जोखीम घेणं भागच होतं. थोडा वेळ भूल देऊन दाढ काढली. म्हातारी तगली, आठवड्याभरात खायलाही लागली.

"जीव वाचवलात तिचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बरं झालं."

आनंद होतोय का, म्हणून मावशींनी क्षणभर वाट पाहिली. आत काही हललं नाही. मग त्यांनी नळ्यांवर तारखा लिहायला घेतल्या.

त्या रविवारी मावशी बहिणीकडे गेल्या. जेवण झाल्यावर जरा लवंडल्या, तो थेट संध्याकाळीच जाग आली. नवरा गेल्यापासून इतकी झोप पहिल्यांदाच लागली होती. बहिणीनं त्यांना उठवलं नव्हतं.