एकदा केलं तर दीड तास

किती वेळ लागेल, या प्रश्नाला मला आयुष्यात कधी निर्धास्तपणे उत्तर देता आलं नाही. नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होतो, तेव्हा हा प्रश्न रोज यायचा. ऑफिसचं सॉफ्टवेअर, म्हणजे पत्रं टाइप करायचा आणि हिशेबाचे तक्ते मांडायचा प्रोग्रॅम, फ्लॉपींवर यायचं. फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन बसायचं आणि मशीन मागेल तशी एकेक भरवायची. मालक म्हणायचे, गिऱ्हाइकाला तासभर सांग. मी तासभर सांगायचो. मग शेवटच्या दोन-तीन फ्लॉपी उरल्या की मशीन अडायचं, नाहीतर वीज जायची, आणि सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी चौथा चहा पिताना मला त्या लोकांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. फ्लॉपीत धूळ गेली ती माझ्या हलगर्जीपणानं आणि वीज गेली तीही कुठेतरी माझ्यामुळेच, असं मनापासून वाटायचं. भिंगारला घरी येऊन आईला हे सांगितलं की ती म्हणायची, "तू जन्मलास तेव्हाही लाईट गेली होती. तिचीपण माफी मागून टाक."

एका शनिवारी श्रीगोंद्याच्या एका पतसंस्थेचं काम निघालं. फ्लॉपींचा डबा मांडीवर धरून एसटीनं गेलो. ऑफिस दुपारीच बंद झालं होतं आणि किल्ल्या तिथल्या क्लार्क मुलीकडे होत्या. बीकॉम झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली. कॉम्प्युटर तिच्याच हाताखाली राहणार होता. मॅनेजर जाताना तिला दोनच गोष्टी सांगून गेले होते: काम पूर्ण झाल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, आणि सगळं शिकून घ्यायचं.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून आम्ही आत गेलो. तिनं विचारलं, "सर, किती वेळ लागेल?"

मी सवयीनं दिलगिरी सुरू केली, तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं. "तसं नाही. सहापर्यंत तरी लागेल ना?"

मग तिनं सगळं सांगितलं. चार वाजता तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. मुलाबद्दल तक्रार नव्हती, पण स्थळाबरोबरच निरोप आला होता की लग्नानंतर मुलीनं नोकरी करायची नाही. तिनं वडिलांना नको म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, चहा-पोहे द्यायला काय जातंय. पण पाहुण्यांनी पसंत केलं, तर वडिलांच्या तोंडून नाही निघणार नाही, हे ती ओळखून होती. पाहुण्यांची परतीची एसटी साडेपाचची होती.

"मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "काम चालू असेल तर चालू आहे म्हणेन. एवढंच."

मी तिला धीर दिला, की माझ्या हातून आजवर एकही काम वेळेत झालेलं नाही.

आणि त्या दिवशी सगळ्या फ्लॉपी शहाण्या मुलांसारख्या वागल्या. वीज गेली नाही. मशीन अडलं नाही. तीन वाजायच्या आत पडद्यावर अभिनंदनाचा इंग्रजी मजकूर आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "माफ करा, असं कधीच होत नाही." काम नीट झाल्याबद्दल मी माफी मागितली ती तेव्हा पहिल्यांदाच.

तिनं जरा विचार केला. "सर, हे काढून टाकता येतं?"

"येतं."

"मग काढा. आता मी घालते. साहेबांनी शिकून घ्यायला सांगितलंय. नुसतं बघून कुणी शिकतं का?"

माझ्या मनाला कुठेही कुसळ शोधायची खोड आहे, पण या बोलण्यात मला खोटं सापडेना. मी खुर्ची तिला दिली. पडद्यावरची प्रत्येक ओळ ती वाचायची, अर्थ विचारायची, मगच बटण दाबायची. एक फ्लॉपी मशीनला वाचता येईना. ती काढून, झटकून, पुन्हा घालायला मी शिकवलं.

चारच्या सुमारास तिचे वडील सायकलवर आले. ते एसटीत कंडक्टर. रजेवर होते, तरी बोलणं घंटी मारल्यासारखं. "अगं, पावनं येऊन बसल्यात."

"चालू हाय, अण्णा."

"आजून किती?"

"पयल्यांदाच करतीय. सांगता येत न्हाई."

ते माझ्याकडे वळले. "सायेब, तुमी करा की मग फटाफट."

मी कसाबसा म्हणालो, की यांनीच करायचं आहे, मॅनेजरांचं तसं सांगणं आहे. ते निघून गेले.

साडेपाच उलटून गेल्यावर ते पुन्हा आले. हातात डबा होता. पाहुणे गेले होते. शनिवारीसुद्धा पोरीला मोकळं सोडत नाही असली कसली नोकरी, असं मुलाची आई बोलून गेली होती. अण्णांनी डबा टेबलावर ठेवला. पाहुण्यांसाठी केलेले पोहे. मग स्टुलावर बसून माझ्याकडे रोखून बघितलं.

"सायेब, खरं सांगा. ह्याला येवढा येळ लागतोच व्हय?"

ती पडद्याकडे बघत बसली. मला खोटं बोलता आलं नाही.

"एकदा केलं तर दीड तास."

"आन आज?"

"आज दोनदा केलं."

"जल्मभर फुकट्यांना धरत आलो," अण्णा सावकाश म्हणाले, "आन आज पोरीनं मलाच बिनतिकिटाचं फिरीवलं."

"आदी मी नको म्हनले तवा ऐकलं असतं, तर येवढं कशाला केलं असतं?"

तेवढ्यात मशीन थांबून पुढची फ्लॉपी मागू लागलं. अण्णांनी गठ्ठ्यावरची उचलून तिच्यापुढं धरली. "हीच का? घाल मग. अर्ध्यात सोडू नगं." आणि थोड्या वेळानं, फ्लॉपी आत गेल्यावर, "पुढच्या पावन्यांना आदीच सांगू, पोरगी नोकरी सोडनार न्हाई म्हनून."

काम संपेपर्यंत आम्ही तिघांनी पोहे संपवले. सुप्याचा तो मुलगा मुलगी न बघताच परत गेला आणि त्याच्यासाठी केलेले पोहे मी खाल्ले, हे मला अजून टोचतं. पोहे मात्र फार चांगले झाले होते.

त्या पतसंस्थेनं पुढे आणखी कॉम्प्युटर घेतले, पण आमच्या दुकानाला बोलावणं आलं नाही. मालकांना कोडं पडलं. मला पडलं नाही, कारण तिचा एकदा दुकानावर फोन आला होता.

"सर, दुसऱ्या मशीनवर मीच घातलं. तासाभरात झालं."

मी म्हणालो, "माफ करा."

"कशाबद्दल?" म्हणून ती किती तरी वेळ हसत होती.