शोभाच्या कादंबरीचं वय

शोभा गेली. आता तिचं पुस्तक कोणत्या कप्प्यात ठेवायचं ते सावकाश ठरवा.

माझी मैत्रीण. अकोल्याची. आयुष्यभर नववी-दहावीला शिकवलं आणि रिटायर झाल्यावर एकच कादंबरी लिहिली.

अमरावतीच्या राजापेठेत होस्टेलवर राहून ट्यूशनला जाणारी सोळा वर्षांची मुलगी, आणि दुसरं लग्न करायला निघालेली तिची विधवा आई.
अर्धी गोष्ट मुलीची, अर्धी आईची.

प्रकाशक म्हणाला, "मॅडम, टार्गेट ऑडियन्स एक ठरवा."

"मायलेकी एका घरात राहू शकतात, मंग एका पुस्तकात कावून नाई?" इति शोभा.

शहाणपणा मी केला. कॉन्व्हेंटची मी, प्रत्येक गोष्टीला लेबल हवं.
म्हटलं, "आधी शाळांना विकू. स्टिकर लाव, 'वय बारा ते सोळा'."

तिच्या ओसरीत बसून दोघींनी छापून आलेल्या प्रत्येक प्रतीवर स्टिकर लावला.

अमरावतीच्या एका शाळेने गठ्ठा परत पाठवला. "आईचं दुसरं लग्न मुलींनी वाचायचं?" मुख्याध्यापिकाबाई फोनवर म्हणाल्या.
बाई, अशा आयांच्या मुली तुमच्याच वर्गात बसतात. कधी मान वर करून बघा!

प्रदर्शनात मोठी माणसं स्टिकर बघून पुस्तक खाली ठेवायची. "छान आहे. नातीला घेऊ कधीतरी."

मग आम्ही नखांनी स्टिकर खरवडले. कव्हरवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर पांढरे डाग राहिले.

"तुया डोक्यानं चालली मी, अन् पोरीचं तोंड खराब झालं," म्हणून शोभा पोट धरून हसली.
मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

दवाखान्यात तिने विचारलं, "कोनी वाचलं का वं?"
"हो गं, खूप जणांनी."
माझं खोटं तिला नेहमीच कळायचं. तिने फक्त माझा हात थोपटला.

आज तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्ध रीतीची श्रद्धांजली, झालं. त्यांच्या घरी या दिवशी पुस्तकं वाटायची रीत आहे. तिच्या मुलीने, प्रज्ञाने, आईचीच कादंबरी वाटली. घरटी एक. कोणाचंही वय न विचारता.

अकोल्याहून अमरावतीला परतताना बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर तिथेच आलेली एक बाई आणि तिची अकरावीतली मुलगी.

"आई, दे न मले."
"थांब, मी वाचून राहिली."
"किती हळू वाचतं वं तू!"

शेवटी पोरगी आईच्या खांद्यावरून वाचायला लागली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. दोघींनी मान वर केली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. संताप आला.
एवढंच करायचं होतं. लोकांच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं.

तू असताना मला हे सुचलं नाही, शोभा.

माफ कर. नीट जा गं.